लूम चालू आहे, पण कापड बिघडते आहे

आपल्या धंद्यातील एक गोष्ट कारखान्यात खेळणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते. साध्या लूमवर बाण्याचे सूत संपले किंवा तुटले, तर लूम आपोआप थांबतो. त्यासाठी लोखंडाचा एक लहानसा काटा बसविलेला असतो. पण ताण्याची तार तुटली, तर साधा लूम थांबत नाही. तो खटखट करीत चालतच राहतो, धोटा इकडून तिकडे धावत राहतो आणि कापडात तुटलेल्या तारेची रेघ लांबत जाते. कारागिराची नजर त्या रेघेवर पडेल तेव्हाच लूम थांबतो. नजर चुकली तर तागा बाद, आणि मजुरीतून कपात वेगळीच.

चार जणांनी मिळून उभ्या केलेल्या कामाचेही असेच असते. पैसा संपला की काम आपोआप थांबते, त्यासाठी कुणी सांगावे लागत नाही. पण हिशेबाची शिस्त, सभासदांचा विश्वास आणि खरे बोलण्याची सवय ही ताण्याची तार आहे. ती तुटली तरी काम थांबत नाही. गोदाम उघडते, माल येतो, माल जातो, चहा होतो. सर्वांना वाटते, सर्व ठीक आहे. रेघ मात्र लांबत असते.

आपल्याकडे एखादे सामायिक काम बुडाले की कारण तयार असते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. हे तिन्ही फटके खरे आहेत आणि ते आपण सर्वांनी सोसले आहेत. परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. तोच फटका शेजारच्यालाही बसला होता. मग तो उभा का राहिला आणि आपण का पडलो? बाजाराला दोष देणे सोपे आहे, कारण बाजार उलटून जाब विचारत नाही. म्हणून आज मी बाजाराबद्दल न लिहिता स्वतःबद्दल लिहिणार आहे. ज्या कामाची गोष्ट सांगतो, त्याचा खजिनदार मीच होतो.

चांगल्या हेतूने झालेली सुरुवात

मालेगावातील लहान कारखानदाराची अडचण वाचकांना सांगायला नको. सहा-आठ-बारा लूमवाला माणूस ट्रकभर सूत घेऊ शकत नाही. तो बाजारातून दोन-चार गोण्या उचलतो, तेही उधारीवर, आणि दर किलोमागे जास्त पैसे मोजतो. म्हणजे ज्याच्यापाशी कमी आहे, त्यालाच माल महाग मिळतो. यावर उपाय म्हणून २०१२ साली आम्ही २४ जण एकत्र आलो. प्रत्येकाने ७५ हजार रुपये घातले आणि १८ लाखांचे भांडवल उभे राहिले. नोंदणी केली, एक गोदाम भाड्याने घेतले आणि गिरणीतून थेट सूत आणण्यास सुरुवात केली. मी कापडाचा व्यापारी असल्याने गिरण्या व दलाल यांच्याशी माझी ओळख होती. त्यामुळे खरेदी माझ्याकडे आली. रोकड आणि वहीही माझ्याकडेच आली. कुणी हरकत घेतली नाही, मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पहिली दोन वर्षे फार चांगली गेली. किलोमागे तीन-चार रुपये वाचत. बारा लूमच्या कारखान्याला महिन्याकाठी सहा-सात हजारांचा फायदा होई. दर महिन्याच्या बैठकीला वीस-बावीस माणसे येत, भांडत, प्रश्न विचारीत. त्यावेळी मला त्या भांडणांचा कंटाळा येई. आज वाटते, तीच आमच्या तब्येतीची निशाणी होती.

रेघ कोठून सुरू झाली

तिसऱ्या वर्षापासून बैठकीला माणसे कमी होऊ लागली. बारा आली, मग नऊ, मग समितीचे आम्ही पाच जणच. मी समजलो, लोक समाधानी आहेत म्हणून येत नाहीत. वस्तुतः लोक नाराज होते म्हणून येत नव्हते. समाधानी माणूस कधीतरी तोंड दाखवतो. ज्याला आपल्या बोलण्याचा उपयोग नाही असे वाटते, तो घरी बसतो.

गोदामात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा एका लॉटच्या गोण्यांवर दुसऱ्या लॉटच्या गोण्या रचल्या जाऊ लागल्या. नंबर तोच, गिरणी तीच, मग फरक काय पडतो, असे गोदामावरचा माणूस म्हणे आणि मीही मान डोलावी. सुताच्या धंद्यातील माणसाने अशी मान डोलावणे हाच गुन्हा होता. दोन लॉटचे सूत बाण्यात मिसळले, तर कोऱ्या कापडात डोळ्यांना काही दिसत नाही. ते कापड पाली-बालोतराकडे रंगाईला गेले की रंग कमीजास्त चढतो आणि आडवे पट्टे उठून दिसतात. व्यापारी माल परत करतो किंवा भाव कापतो. कापलेला भाव शेवटी कारखानदाराच्या खिशातून जातो.

आमचे एक वयोवृद्ध सभासद होते, आठ लूमचे मालक. सर्वजण त्यांना चाचा म्हणत. २०१५ साली एके दिवशी ते दोन हात कापड घेऊन गोदामात आले आणि माझ्यापुढे टेबलावर पसरले. पट्टे स्पष्ट दिसत होते. मी पाहिले आणि म्हणालो, "चाचा, ही रंगाईवाल्याची चूक आहे." ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तार माझ्या लूमवर नाही तुटली, तुमच्या गोदामात तुटली आहे." मी हसून विषय बदलला. त्यांनी कापड घडी केले आणि ते निघून गेले. त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. आणखी दोन वेळा त्यांचा भाव कापला गेला. देणे फेडण्यासाठी त्यांनी आठपैकी चार लूम भंगारात विकले. हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याच्या तोंडून कळले.

तीच गत उधारीची. नियम असा होता की कुणालाही त्याच्या भांडवलापेक्षा जास्त उधार द्यायचे नाही. पण नियम मोडण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवला होता. समितीतल्या माणसाला नाही कसे म्हणावे? नातेवाइकाला नाही कसे म्हणावे? दूरच्या सभासदाला मात्र मी नियम वाचून दाखवीत असे. ऑडिट दरवर्षी होत होते. पण ऑडिटर माझ्या वहीतले आकडे घेई आणि मी सही करी. गोदामात जाऊन गोण्या कुणी मोजल्या नाहीत.

मुलाने मोजल्या गोण्या

जीएसटी आल्यावर सर्व व्यवहार बिलावर आणि संगणकावर घेणे भाग पडले. माझी वही उर्दूत, माझ्या हस्ताक्षरात आणि माझ्याच खुणांनी भरलेली. एका सभासदाचा बी.कॉम. झालेला मुलगा या कामासाठी बसला. मी वाचून दाखवी, तो लिहून घेई. दहा-बारा दिवसांनी त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या. वहीप्रमाणे जेवढ्या गोण्या हव्यात, त्यापेक्षा ३१ गोण्या कमी आहेत. उधारी ११ लाखांची आहे आणि त्यातील सुमारे ८ लाख चारच घरांत अडकले आहेत. त्या चारांपैकी दोन जण समितीत आहेत. त्या दोघांतला एक माझा सख्खा मेहुणा होता, हे त्याने अदबीने सांगितले नाही. मला ते माहीत होतेच.

मला राग आला. कालचा पोरगा मला हिशेब शिकवतो काय, असे मी त्याच्या बापापाशी बोललो. चार महिने मी ते कागद कपाटात ठेवून दिले. ते चार महिने गटाला सर्वांत महाग पडले, कारण त्या काळातही चार घरांना माल जातच होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ३१ गोण्या कुणी चोरल्या नव्हत्या. घाईच्या वेळी चिठ्ठीशिवाय माल गेला होता, कोणाच्या नावावर लिहायचे राहून गेले होते, भिजलेल्या गोण्या कमी भावाने काढून टाकल्या होत्या. आमच्यात चोर कोणी नव्हता आणि म्हणूनच रोग सापडायला उशीर झाला. आपण बिघाड म्हटला की बेईमान माणूस शोधतो. तो सापडला नाही की सर्व ठीक आहे असे समजतो. इमानदार माणसांच्या हातूनही काम बुडते, जर खरेदी, माल आणि पैसा या तिन्हींची किल्ली एकाच खिशात असेल. तो खिसा माझा होता.

रॉचडेलचे विणकर

त्याच मुलाने मला त्याच्या अभ्यासातील एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमधील रॉचडेल हे लोकरीच्या फ्लॅनेल कापडाचे गाव. तेथील विणकरांनी १८३३ साली एक सामायिक दुकान काढले होते. ते दोनच वर्षांत बंद पडले, कारण माल उधारीवर गेला आणि पैसे परत आले नाहीत. पुढे १८४४ साली २८ जणांनी पुन्हा हिंमत केली. त्यांच्यात विणकर होते, इतर कारागीरही होते. प्रत्येकी एक पौंड याप्रमाणे २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ ला त्याच रस्त्यावर दुकान उघडले. विकायला काय होते? पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. पण या वेळी नियम वेगळे होते. रोख पैसे द्या आणि माल न्या. भाग कितीही असो, मत प्रत्येकाला एकच. ठरलेल्या मुदतीने हिशेब सर्वांपुढे ठेवायचा. जगभरच्या सहकारी संस्था आज ज्या तत्त्वांचे नाव घेतात, ती याच दुकानातून आली.

मला त्यांचे यश ऐकून आश्चर्य वाटले नाही. मला वाटले ते याचे की पहिले दुकान बुडाल्यावर त्या लोकांनी "इथले लोकच असे आहेत" असे म्हटले नाही. त्यांनी विचारले, आपल्या नियमात काय चुकले? माणसे बहुधा तशीच होती, गरिबीही तशीच होती. त्यांनी कामाची रीत बदलली. त्या रात्री मी कपाट उघडून कागद बाहेर काढले.

आम्ही काय बदलले

सर्व सभासदांना बोलावले. तीन गोष्टी वाचून दाखविल्या, त्यात माझ्या मेहुण्याचे नावही वाचले. आवाज चढले, दोघे उठून गेले. त्यानंतर बदल झाले ते असे.

खरेदी, गोदाम आणि रोकड तीन वेगवेगळ्या माणसांकडे दिली. एकाच्या सहीने माल हलत नाही. प्रत्येक गोणीला लॉटची चिठ्ठी लावली जाते आणि एक लॉट संपल्याशिवाय दुसरा फोडला जात नाही. उधारीची मर्यादा समितीतल्या माणसाला इतरांपेक्षा निम्मी ठेवली. दर महिन्याला गोण्या मोजल्या जातात आणि मोजणारा समितीबाहेरचा असतो. हिशेबाचा एक कागद उर्दूत आणि एक मराठीत गोदामाच्या भिंतीवर लागतो, कुणाकडे किती बाकी आहे ते नावासकट. तक्रारीची वही ठेवली. बैठकीत सर्वांत आधी तीच वाचली जाते, चहाच्या आधी. खजिनदाराची मुदत दोन वर्षांची केली. मी त्याच दिवशी किल्ली दिली.

याची किंमतही मोजावी लागली. आठ लाखांपैकी पाच लाख दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल झाले, तीन लाख बुडीत धरावे लागले. सात सभासद पैसे घेऊन बाहेर पडले. मेहुण्याच्या घरी वर्षभर माझे जाणे-येणे बंद होते. परंतु लॉकडाऊनमध्ये कारखान्यांचे फाटक बंद झाले, तेव्हा आमच्या गोदामात किती माल आहे आणि कुणाचे किती देणे आहे, हे सतरा माणसांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते. अफवा उठली नाही. पैसे काढून घ्यायला कुणी धावले नाही. लूम पुन्हा सुरू झाले तेव्हा गोदामही उघडले. आज गट पूर्वीपेक्षा लहान आहे, पण उभा आहे.

चाचांचे चार लूम मात्र परत आले नाहीत. त्यांचा मुलगा आता लूमवर बसत नाही, रिक्षा चालवतो. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, त्यांनी माफही केले. पण माफीने लूम परत येत नाही. हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आपल्या बांधवांना दोन शब्द

सरकारच्या कितीतरी योजनांत एकट्याला मदत मिळत नाही, गट करावा लागतो. २००५ सालची टेक्स्टाईल पार्कची योजना अशीच होती. २०१७ च्या पॉवरटेक्स इंडियामधील यार्न बँकही गटांसाठीच होती. अशा वेळी आपण काय करतो? योजना आली की नावे गोळा करतो, सह्या घेतो आणि संस्था तयार होते. ज्या माणसांनी कधी एका टेबलावर बसून हिशेब केलेला नाही, त्यांच्या नावे मोठे काम सुरू होते. इमारतीचा नकाशा असतो, यंत्रांची यादी असते. कोण कोणाला जाब विचारणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. ते आधी लिहा, मग पाया खोदा.

आपल्यातील एक समज फार घातक आहे. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, असे आपण मानतो. "भाऊ-भाऊ आहोत, लिहायचे काय?" असे म्हणतो. वास्तविक उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती अनोळखी माणसापुरती नाही. लिहिलेला हिशेब भावाला चोर ठरवत नाही, उलट उद्या त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून त्याचे रक्षण करतो. माझी वही सर्वांना वाचता आली असती, तर माझ्याविषयी जे बोलले गेले ते बोलले गेले नसते.

बिघाड ओळखण्यासाठी मोठ्या विद्येची गरज नाही. आपण ज्या कामात भागीदार आहोत, तिथे स्वतःला पाच प्रश्न विचारा. बैठकीला येणारी माणसे कमी होत आहेत काय? शेवटची तक्रार कुणी केली होती आणि तिचे काय झाले? आपलेच सभासद गुपचूप बाजारातून माल घेत आहेत काय? नियमातून सूट सर्वांत जास्त कुणाला मिळते? आणि प्रमुख माणूस महिनाभर आजारी पडला, तर हिशेब दुसऱ्या कुणाला सांगता येईल काय? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मनाजोगी नसतील, तर तार तुटली आहे असे समजा.

बदल करताना घाईही नको. ईद किंवा दिवाळीच्या ऐन हंगामात मोडतोड करू नये. सर्वांत जुनी तक्रार आधी हातात घ्यावी, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. सुरुवात मात्र वरच्या माणसापासून व्हावी. मजुरावर आणि गोदामवाल्यावर नियम लादून खजिनदार मोकळा राहिला, तर तो बदल नव्हे. आणि हे सर्व गल्ल्यात पैसा असतानाच करावे. पैसा संपल्यावर बदल करण्यासारखे काही उरत नाही, फक्त वाटणी उरते.

ज्यांचे कोणतेही सामायिक काम चालू आहे, मग ते सुताचे असो, सायझिंगचे असो की पतपेढीचे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या जुम्याला लूम बंद असतील. त्या दिवशी दोन तास काढा. ज्या सभासदाने बैठकीला येणे सोडले आहे, त्याच्या दारी जा. आपली सफाई देऊ नका, त्याला बोलू द्या. तो कापडाचा तुकडा दाखवील तर खाली वाकून नीट पाहा. मी पाहिला असता, तर चाचांचे आठही लूम आज चालू असते.